सतरा नंबर दोनदा बोलतो

"सतरा नंबरचा सेन्सर एकच निरोप दोनदा देतोय," असं कारखान्याच्या पत्रात लिहिलं होतं, आणि ऑफिसातल्या तसल्याच सेन्सरला सतरा नंबर देऊन तीन दिवस कान लावला, तरी बाईंना तो एकदाही दोनदा ऐकू आला नव्हता.

टेबलावर तळहाताएवढं यंत्र होतं. कारखान्यात जागोजागी बसवलेले सेन्सर गॅस कुठे गळतोय का ते हुंगत आणि तारेवाचून, हवेतूनच, कंट्रोल रूमला निरोप धाडत. पॅकेट म्हणायचे त्या निरोपांना. कुठलं पॅकेट वाटेत हरवलं, कुठलं अडखळलं, हे या यंत्राला, म्हणजे ॲनालायझरला, कळायचं. आणि ॲनालायझरला नवं शहाणपण शिकवणारे अपडेट बाई लिहीत. ऑफिसात त्यांचं नावच पडलं होतं अपडेटबाई.

कंपनीने हे यंत्र विकणं कधीच थांबवलं होतं. गिऱ्हाईक उरलं होतं एकच, घाटापलीकडचा रंगाचा कारखाना. दर तीन महिन्यांनी अपडेट गेला की दोन तासांत तिथल्या मुख्य ऑपरेटरचं उत्तर यायचं. "अपडेट पोचला. बाकी झकास. फक्त चौथ्या स्क्रीनवरचं घड्याळ एक सेकंद मागे आहे." पुढच्या खेपेला, "घड्याळ सुधारलं. आता हिरवा रंग जरा फिका वाटतो."

"नणंदेचा अवतार आहे मेला," लेक फोनवर म्हणायची. "कितीही चांगलं रांधा, मीठ कमीच!"

"अगं, डोळ्यांत तेल घालून बघतो तो माणूस. म्हणून तर…"

"म्हणून तर तू दोनदा निवृत्ती पुढे ढकललीस. बाळ रांगायला लागलं, आई. आता चालेल, मग पळेल. तू बस अपडेट पाठवत."

बाईंचा जीव तिकडे ओढ घ्यायचा, वासराकडे गाईचा घ्यावा तसा. पण पाच वर्षांपूर्वी त्यांनीच त्या ऑपरेटरला लिहिलं होतं, "हे यंत्र वापरणारे आता तुम्हीच एक उरलात. तुम्हाला लागेल तोवर मी इथे आहे." शब्द दिला तो दिला. त्या कारखान्यात दीडशे माणसं श्वास घेत होती. त्यांना वाऱ्यावर सोडून नातवाला झोके कसे द्यायचे?

आता साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. "बाई, तुम्ही गेलात की हे अपडेट बंद. राहणार असाल तर दोन वर्षांच्या करारावर सही करा. मधलं काही नाही."

शुक्रवारी सकाळी बाई बसमध्ये बसल्या. आपल्यावाचून त्या माणसांचं खरंच अडतं का, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. शिवाय तो सतरा नंबरही डोक्यातून जात नव्हता. फाटकावर त्यांनी "कंपनीतून आलेय" एवढंच सांगितलं. अपडेटबाई समोर असल्या की माणसं भिडेखातर गोड बोलतात.

ऑपरेटर पन्नाशीचा, खिशाला तीन पेनं, आवाज लोण्यासारखा. बाईंना बघून त्याचा चेहरा उतरला.

"अपडेट बंद करायला आलात का?"

"बघायला आलेय. इतकं लागतं का हो हे यंत्र?"

"लागतं म्हणजे? त्याच्यावाचून इथलं पान हलत नाही!"

मनातल्या मनात बाईंनी बाळाला आणखी दोन वर्षं मोठं करून टाकलं.

"मग दाखवा. सतरा नंबर कसा दोनदा बोलतो, ते ऐकू दे मला."

"आत्ता? आधी चहा घ्या."

चहा झाला. मग त्याने टाक्या दाखवल्या, पंप दाखवले, नवा जिना दाखवला. यंत्र म्हणे चार्जिंगला होतं. पुन्हा चहा आला.

"आता तिसरा चहा पाजलात तर मीच गळायला लागेन," बाई म्हणाल्या. "यंत्र काढा."

त्याने टेबलाचा खालचा खण ओढला. यंत्र पिवळ्या फडक्यात नीट गुंडाळलेलं होतं. बाईंनी ते उलटं केलं. आत बॅटरीच नव्हती.

त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर सगळे सेन्सर ओळीने मांडलेले, सतरा नंबरसुद्धा. पॅकेट येत होतं, हिरवी खूण उमटत होती. एकेकदाच.

"हे नवं कधी बसवलं?"

"पाच वर्षं होतील."

"मग ते घड्याळ? तो फिका हिरवा?"

ऑपरेटरने उठून दार लोटलं.

"ऑफिसात बोलू नका, पाया पडतो तुमच्या. तुमच्याकडे एक बाई हे अपडेट लिहितात. आम्ही 'आता नको' म्हणून कळवणारच होतो, तोच त्यांचं पत्र आलं. आता तुम्हीच एक उरलात म्हणाल्या. मग 'नको' कसं म्हणायचं हो? तेव्हापासून दर खेपेला काहीतरी चूक काढून धाडतो. बारीकसारीक सगळ्या संपल्या, म्हणून या वेळी जरा मोठी काढावी लागली."

त्याने हात जोडले.

"आम्हाला हे लागत नाही असं वर कळलं, तर त्याच दिवशी त्या बाईंना कामावरून काढतील."