सव्वीस नंबरची गाडी

सव्वीस नंबरच्या सायकलची सीट आजही उलटी होती. बाइंडरकाकांनी ती फिरवून सरळ केली आणि लेकीकडे बघून हसले. "बघितलंस? माझ्यासाठी राखून ठेवतात. महिनाभर या गाडीला दुसरं कुणी हात लावत नाही. म्हाताऱ्या माणसाची कदर आहे लोकांना."

लेक आज मुद्दाम रजा टाकून आली होती, बापाचा चढ कसा पार पडतो ते बघायला. सहा महिन्यांपूर्वी काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं. घर टेकडीच्या पायथ्याशी आणि पुस्तकबांधणीचं दुकान माथ्यावर, कॉलेजला खेटून. दुकान विकून टाका, हा तिचा धोशा. विकून काय भिंतीकडे बघत बसू, हा त्यांचा. मग शहरात भाड्याच्या बॅटरीच्या सायकली आल्या आणि तोडगा निघाला. डॉक्टरही हो म्हणाले, फक्त सावकाश. मोटर चढ चढवतेय तोवर दुकान चालू. मोटर बंद पडली की त्याच दिवशी किल्ल्या लेकीच्या हातात. काकांनी तसा शब्द दिला होता.

सुरुवातीला त्यांचा जीव मेटाकुटीला आला. पहिल्या दिवशी तर अर्धा चढ त्यांनी गाडी ढकलतच नेली. पण दिवा लागत होता, घंटी वाजत होती. शंका कशाला यावी? आपण पाय मारल्याशिवाय बिचारी बॅटरी तरी काय करणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. घरी अवाक्षर काढलं नाही. पुढे दम खायच्या सात थांब्यांचे चार झाले, चाराचा एक. गेल्या आठवड्यापासून तर ते मधे थांबतच नव्हते. "गाडीला माझी सवय झाली," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. संध्याकाळी उतारावरून तीच गाडी खाली आणून लावत.

आज बापलेक बरोबरच निघाले. लेक चौदा नंबरवरून भुर्रकन पुढे गेली. काका मागून आले, चक्क शीळ घालत. दुकानासमोरच्या स्टँडवर त्यांनी गाडी लावली आणि किल्ल्या काढून दुकानाच्या पायऱ्या चढले.

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. कंपनीचा मेकॅनिक उडी मारून उतरला आणि सव्वीस नंबरवर झडपच घातली त्याने. "सापडली एकदाची! कुणी घेऊ नका हो ही. मोटर जळालीय हिची."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, आत्ता तर हिच्यावरून आलो मी," ते पुटपुटले.

"बाबा, शब्द दिलाय तुम्ही," लेक हळूच म्हणाली आणि तिने हात पुढे केला. तिचेही डोळे भरून आले होते. तिला दुकानाशी वैर नव्हतं, तिला फक्त बाप हवा होता. काकांना ते कळत होतं, म्हणूनच भांडताही येईना. त्यांनी मुकाट्याने कड्यातून किल्ल्या सोडवायला घेतल्या.

मेकॅनिक आपल्याच नादात बोलत होता. "बिघडलेली गाडी असली की लोक सीट उलटी करून ठेवतात, पुढचा फसू नये म्हणून. हिचीही करतात. पण आम्ही खाली गेलो की ही वर, वर आलो की ही खाली! नुसता छळ मांडलाय."

लेकीचा हात तसाच राहिला. "मोटर बंद कधी पडली?"

त्याने मोबाइल बघितला. "महिना होऊन गेला, ताई. तीस किलोचं धूड आहे हे. आमच्या ऑफिसात पैजा लागल्यात, हिला रोज इथवर चढवणारा पैलवान आहे तरी कोण म्हणून!"