उलटा ठेवलेला तक्ता

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. शाळेची लेकरं प्रोजेक्टसाठी चित्रांचे तक्ते न्यायला येतात. त्यातला त्र्याण्णवच्या भूकंपाचा तक्ता मी कायम उलटा ठेवतो आणि न बघताच गुंडाळून देतो. त्या पहाटे माझे दोन भाऊ ढिगाऱ्याखाली गेले आणि आई त्याच हिवाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. घरातले फोटोही मातीत गेले, म्हणून पित्राला आम्ही पाटावर नुसती सुपारी मांडतो. आज माझ्या ईश्वरीनं सातवीच्या प्रोजेक्टसाठी तोच तक्ता काउंटरवर पसरला आणि कात्री घेतली. “पप्पा, वहीत जागाच उरली न्हाई. ही बाई सोडून देऊ का?” तिच्या बोटामागं माझी नजर पहिल्यांदाच त्या चित्रावर गेली. दगडांच्या ढिगापुढं डोक्याला हात लावून बसलेली, कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके. खाली छापलं होतं, ‘भूकंपग्रस्त महिला’. “आजी हाय ती तुझी,” एवढंच मला बोलता आलं. कात्री जागीच थांबली. “मग तुम्ही इतके दिवस आजीला...” दुकानाच्या या अकरा वर्षांत किती लेकरांनी आईला कापून वहीत चिकटवलं असेल, आणि जागा न्हाई म्हणून किती जणांनी केरात टाकलं असेल? तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई आली. “दादा, भूकंपाचा तक्ता द्या एक.” माझा हात सवयीनं फळीकडं गेला. गठ्ठ्यात तीसेक तक्ते होते. “संपले,” मी म्हणालो. ती गेल्यावर मी अख्खा गठ्ठा सुलटा केला.