एक रेघ कमी

कळंब्याच्या रस्त्यावरच्या त्या चौकात संध्याकाळी सहाला गाड्यांचा असा गुंता व्हायचा, की मीरासाब हवालदाराची शिट्टी त्यात बुडून जायची. सिग्नल बसवायचा म्हणून मोजणी लागली. चारी तोंडांना चार होमगार्ड बसले. गाडी चौकात शिरली की कागदावर डावीकडं रेघ मारायची, बाहेर पडली की उजवीकडं.

साडेसातला चौक मोकळा झाला. उजवीकडं एक रेघ कमी भरली.

दुसऱ्या दिवशीही एकच कमी. तिसऱ्या दिवशी साहेब खेकसले, "मोजाय येत न्हाय व्हय तुमास्नी?"

चौथ्या दिवशी मीरासाबनं स्वतः नंबर टिपले. शिरलेल्यांत एका दूधवाल्याची एम-एटी होती, मागं दोन किटल्या बांधलेली. बाहेर पडलेल्यांत ती नव्हती. रिकाम्या चौकात त्यानं चारदा फेरी मारली. डांबर तेवढं गरम लागलं.

आणखी चार दिवस तेच. नवव्या दिवशी मीरासाबनं आपली लुना काढली.

"अक्षता, माझी बी रेघ मार," कोपऱ्यावरच्या होमगार्ड पोरीला सांगून तो गर्दीत घुसला.

रिक्षा ओलांडली, टेम्पो ओलांडला, मग बस. पलीकडचा पेट्रोल पंप समोर दिसत होता, पण जवळ येत नव्हता. मागचे हॉर्न एकेक करत थांबले. नासक्या दुधाचा भपकारा आला.

पुढं आठ गाड्या इंजिनं बंद करून उभ्या होत्या.

एम-एटीवरच्या माणसानं मान न वळवताच म्हटलं, "पावणं, गाडी बंद करा की. उगं पेट्रोल जळतंय."