टोपण

"वा! लोण्यासारखा फिरतो," रायफलवरच्या दुर्बिणीचा नेम सरकवणारा नॉब फिरवत साहेब म्हणाले. एसी सभागृहात ही दुर्बीण, माझी दोन वर्षांची मेहनत, मंजूर होणार होती. फक्त चाचणी घेणाऱ्या सुभेदार शेडग्यांची सही उरली होती.

त्यांनी पिशवीतून बर्फात घालायचे जाडजूड हातमोजे काढले. "मॅडम, हे घाला. डोळा दुर्बिणीतच ठेवा आणि नॉबला उजवीकडे चार टिक द्या."

मी नॉब फिरवला. "झाले चार."

त्यांनी चष्मा चढवून आकडा वाचला. "अकरा. गोळी शेजारच्या डोंगरात गेली. शत्रूने टाळ्या वाजवल्या."

साहेब छताकडे बघू लागले. शेडग्यांनी आपली जुनी दुर्बीण पुढे केली. तिच्या नॉबवर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं खाचा असलेलं टोपण घट्ट चिकटवलं होतं. हातमोजे न काढता मी ते फिरवलं. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक टिक बोटांना कळला.

मंजुरी तीन महिने लांबली. नव्या आराखड्यात मी लिहिलं, 'सखोल संशोधनातून विकसित केलेली, मोठ्या व्यासाची, खाचायुक्त पकड.'

शेडग्यांनी ते वाचलं, सही केली आणि विचारलं, "मॅडम, खोकला बरा आहे ना?"