दूध बघायला

तपासणी केंद्रात ऋजुताच्या डोक्यावरची तारांची जाळी निघाली, तेव्हा वैजयंतीच्या तळहातांना घाम फुटला होता. चौथीनंतर लेकीला घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हापासून दर वर्षी हे असंच. लेखी पेपर कधीच बंद झाले होते. डोक्यात काय काय पक्कं झालंय, ते आता यंत्रच वाचायचं. यंदा दहावी होती. कुठे खोट निघाली, तर घरी शिकवायची परवानगी जाणार होती.

"गणित चांगलं आहे, रसायनही," तपासनीस पडवळबाई पडद्यावर बोट फिरवत म्हणाल्या. मग त्या थबकल्या. "हे मात्र पुस्तकातलं नाही. तरी सगळ्यात पक्कं हेच बसलंय."

त्यांनी ते वाचून दाखवलं. "आई दूध बघायला उठली, की तो प्रश्न पुन्हा विचारायचा नाही."

ऋजुताच्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, की वैजयंती दुधाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जायची आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलेलं पुस्तक घाईघाईनं चाळायची. पोरीला पत्ता नाही, असंच ती धरून चालली होती. हल्ली ऋजुता प्रश्नच विचारत नव्हती. वैजयंतीला वाटलं होतं, पोर तयार झाली.

"आई," ऋजुता हळूच म्हणाली, "आता मला शाळेत पाठवतील का?"

वैजयंती सवयीनं उठली. पण इथे गॅस नव्हता, दूध नव्हतं. ती परत खाली बसली.

"मला माहीत नाही गं."

ऋजुतानं खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मग कुणाला विचारायचं?"