बाक क्रमांक तीन

परदेशातल्या लेकीला पाचवा महिना लागला, तेव्हाच एकट्या राहणाऱ्या घड्याळजीकाकांनी पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज टाकला. आता आठवा सरत आला, तरी दर सोमवारी दहाच्या ठोक्याला काका कचेरीतल्या तिसऱ्या बाकावर हजरच.

"साहेब, माझं घोडं अडलंय कुठे?"

"काका, हवालदार चौकशीला तुमच्या घरी अकरा वेळा जाऊन आला. प्रत्येक वेळी कुलूप! तुम्ही राहता तरी कुठे?"

"तो येतो कधी?"

"सोमवारी, दहाला."

"अहो, तेव्हा मी इथं तुमच्या पुढ्यात असतो! इथंच राहतो म्हणून लिहा ना!" काका कडाडले.

साहेब कायद्याचे पक्के. अर्जदार सांगेल तो पत्ता त्यांनी लिहिला: बाक क्रमांक तीन, पासपोर्ट कचेरी. पुढच्या सोमवारी हवालदार आला, काकांना नखशिखान्त न्याहाळलं, बाकावरच्या दोघांची शेजारी म्हणून साक्ष घेतली आणि सही ठोकून गेला.

"आता हेलपाटे बंद. पासपोर्ट पोस्टाने येईल," साहेब म्हणाले.

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लेकीला फोन केला, "बाळाच्या आधी पोचतो बघ!" आणि त्यानंतरच्या सोमवारी दुकान बंद ठेवून ते घराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

पोस्टमन बरोबर दहाला आला, पण कचेरीत. तिसरा बाक रिकामा पाहून त्याने पाकिटावर शेरा मारला, "पत्त्यावर कोणी राहत नाही," आणि पासपोर्ट परत धाडला.