रांधस कोन?

"इचार ना भो! रांधस कोन ते पहिले इचारी ले," पुष्पाबाई तिसऱ्यांदा कुजबुजल्या. त्यांची कुजबुज म्हणजे अशी, की शेजारच्या गल्लीतली म्हैससुद्धा मान वळवून पाहील.

योगराजने घाईघाईने फोनवर हात ठेवला. "माय, आसं इचारतस का कोनले? लाज वाटस माले."

"तुले लाज वाटस, आनि मी तठे उपाशी मरसू का?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे हिमालयातल्या पार टोकाच्या एका गावातला म्हातारा घरमालक "हाँ जी, बोलिए जी" करत थांबला होता. गाडीरस्ता संपला की डोंगर चढून जायचं, हॉटेलबिटेल काही नाही, त्याच्याच घरी मुक्काम. हे गाव योगराजच्या लेकीने, ऋतिकाने मोबाइलवर शोधून काढलं होतं आणि तेव्हापासून पोरगी दुसरं काही बोलतच नव्हती. त्याच्या बायकोने, मोहिनीने धुळ्याच्या बाजारातून सगळ्यांना लोकरीचे मोजेही आणून ठेवले होते. अडून बसल्या होत्या त्या पुष्पाबाई. चोपड्याजवळच्या या घराचा उंबरा त्यांनी योगराजचे वडील आबा गेल्यापासून ओलांडला नव्हता. आईला कसंही करून बाहेर काढायचं, तिचा जीव जरा रमवायचा, म्हणून तर योगराजने ही सहल मनावर घेतली होती. आणि आईची अट एकच, आपण कुणाच्या हातचं खाणार ते आधी कळलं पाहिजे.

ओट्याखाली अंगणात दगडीबाई गहू पाखडायला बसली होती. सातपुड्याच्या पायथ्याची ही बाई योगराजला कडेवर घेऊन केळीच्या बागेत हिंडवायची, तेव्हापासून या घरी कामाला. मोहिनीने दिलेला चहा पीत ती या मायलेकांची ओढाताण ऐकून गालातल्या गालात हसत होती.

योगराजने ऋतिकाकडे पाहिलं. लहानपणापासून त्याने तिला बजावलं होतं, या घरात कुणाची जात काढायची नाही. धुळ्याच्या ऑफिसातही त्याची तीच ख्याती. आणि आता तोच बाप लेकीसमोर हे विचारणार! पण विचारलं नाही तर आई येणार नाही. त्याने घसा खाकरला.

"बाबूजी, वो... मतलब... आपके यहाँ खाना कौन बनाता? मतलब... आप लोग कौन?"

त्याचे कान तापले. ऋतिका ताडकन उठली आणि पाठ फिरवून उभी राहिली. धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

म्हातारा मात्र मोकळेपणाने हसला. "अच्छा किया जी, आपने पूछ लिया. हम भी आपसे यही पूछने वाले थे."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं, अगदी अदबीने. गाव देवतेचं. बाहेरच्या माणसाने, मग तो कुणीही असो, चुलीजवळ यायचं नाही, घराच्या भिंतीला हात लावायचा नाही. निजायला वेगळी खोली. जेवण पोटभर, गरमागरम, पण अंगणात. पाणी वरून ओतणार. ताट वेगळं. जेवण झालं की आपलं आपण धुवायचं आणि पालथं घालून बाहेरच ठेवायचं.

"बुरा मत मानना जी. शुरू से ऐसा ही चलता है."

मोहिनीच्या हातातली किटली तशीच राहिली. पुष्पाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आमले?" त्या कशाबशा म्हणाल्या. "आमले आंगनमा बसाडतीन?"

भर बाजारात कुणी थोबाडीत द्यावी तसं योगराजला झालं. मघाची लाज कुठल्या कुठे पळाली आणि तिच्या जागी संताप उसळला.

"बाबूजी, हम क्या ढोर हैं?" तो ओरडला. "आदमी को आंगन में बिठा के खिलाते क्या? हमारा हाथ लगा तो आपका चूल्हा बाट जाता क्या? शरम आनी चाहिए आपको!"

पलीकडून म्हातारा काही बोलू पाहत होता. योगराजने फोन कट करून खाटेवर आपटला.

ऋतिका वळली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिने येऊन बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "भारी बोललात पप्पा. असंच सुनावायला पाहिजे अशा लोकांना. कॅन्सल करा. नाही जायचं मला तिथे."

"माले बी नही जानं," पुष्पाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. एवढ्या वयात असा पाणउतारा त्यांना सहन होत नव्हता. योगराजचा ऊर अजून धपापत होता. पण लेकीचा हात खांद्यावर होता आणि मघाशी तिच्या नजरेतून उतरलेला बाप पुन्हा वर चढला होता. त्याला आतून जरा बरंही वाटत होतं.

अंगणात दगडीबाईचा चहा संपला. ती उठली. हौदाजवळ जाऊन तिने आपला पेला विसळला आणि रोजच्यासारखा बाहेरच्या भिंतीवर पालथा घातला. मग ओट्याच्या पायरीपाशी आली आणि खालीच उभी राहून सगळ्यांचे उतरलेले चेहरे पाहू लागली. तिला फार वाईट वाटलं. विशेषतः पोरीचं.

"जाय ना भाऊ," ती मायेने म्हणाली. "पोर कशी हिरमुसनी देख. पहिले पहिले वाईट वाटस. मंग सवय पडी जास."